मेळ्यातला घोट आणि घरचा पेला : व्हिस्कीचे परीक्षण कशावरून लिहावे?

मुळाकाठचा (धागाकर्ता)

माझ्यासमोर एकाच व्हिस्कीच्या दोन नोंदी आहेत. दोन्ही माझ्याच हस्ताक्षरातल्या आहेत, पण त्यांचे एकमेकींशी अजिबात पटत नाही. पहिली नोंद मुंबईतील एका हॉटेलात भरलेल्या व्हिस्कीमेळ्यात उभ्या उभ्या लिहिलेली आहे. तिच्यात स्कॉटलंडमधील आयला बेटावरच्या बुनाहावन १२ बद्दल ‘मंद धूर, किंचित औषधी वास, अंगाने हलकी, गोडवा कमी, शेवट लवकर संपतो’ असे म्हटले आहे. दुसरी नोंद त्यानंतर काही आठवड्यांनी घरी, मित्राने विमानतळावरून आणलेल्या बाटलीतून ओतून घेऊन, जेवणाआधी निवांत बसून केलेली आहे. तिच्यात धुराचा उल्लेखही नाही. उलट ‘काळ्या मनुका, भाजलेला अक्रोड, जाड काकवीसारखा गोडवा, जिभेच्या कडांना खारटपणा, शेवट चांगला लांब’ असे लिहिलेले आहे. बाटलीवरची माहिती दोन्हीकडे तीच होती : १२ वर्षे, ४६.३ टक्के.

मेळ्यात मी आधी अमृत फ्यूजन, मग लागावुलिन १६ आणि तिच्या पाठोपाठ बुनाहावन अशा क्रमाने फिरलो होतो, कारण ज्या टेबलापुढे रांग लहान दिसेल तिकडे जायचे, एवढाच माझा निकष होता. पेला एकच होता आणि तो प्रवेशाच्या वेळी हातात दिलेला होता. मध्ये कबाबही झाले.

येथे मराठीतून व्हिस्की-परीक्षणांची एक मालिका लिहावी असे बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. वहीत साठलेल्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक नोंदी मेळ्यांतल्या किंवा कंपन्यांनी आयोजित केलेल्या चाखण्याच्या कार्यक्रमांतल्या आहेत, कारण एवढ्या बाटल्या विकत घेणे माझ्यासारख्याला परवडणारे नाही. इंग्रजीत तर एका संध्याकाळच्या जोरावर वीस-पंचवीस परीक्षणे लिहिणारे लोक दिसतात आणि त्यांतील प्रत्येकीला शंभरपैकी गुणही दिलेले असतात. अशा नोंदी वाचकांपुढे ठेवणे कितपत प्रामाणिकपणाचे ठरेल? मेळ्यात चाखूनही भरवशाची नोंद करता येईल अशी काही पद्धत आहे का? आणि ज्यांनी प्रत्यक्ष डिस्टिलरीत जाऊन चाखले आहे, त्यांचा तिथला अनुभव घरच्या अनुभवाशी जुळला का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


खाडीपल्याड

तुमच्या पहिल्या नोंदीतला धूर बुनाहावनचा नाही, तो लागावुलिनचा आहे. बुनाहावन १२ साठी वापरले जाणारे माल्ट, म्हणजे अंकुरवलेले बार्ली, पीटच्या (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या, जळणासाठी वापरल्या जाणाऱ्या मातीच्या) धुरावर सुकवलेले नसते. त्या डिस्टिलरीत पीटेड व्हिस्कीही बनते, पण ती वेगळ्या नावांनी विकली जाते. लागावुलिनमधील धुराची द्रव्ये, म्हणजे ग्वायकॉल आणि त्याची भावंडे, तोंडात आणि पेल्याच्या काचेला बराच वेळ चिकटून राहतात. नुसता पेला उपडा करून पुढच्या टेबलावर गेल्यास पुढच्या व्हिस्कीच्या वासात ती हजर असतातच. शिवाय तीव्र धुरानंतर जीभ आणि नाक सौम्य गोडव्याकडे दुर्लक्ष करतात, त्यामुळे मनुका आणि अक्रोड तुमच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. ‘गोडवा कमी, शेवट लवकर संपतो’ हे निरीक्षण व्हिस्कीचे नसून त्या क्षणीच्या तुमच्या तोंडाचे आहे.

मेळ्यात क्रम पाळणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुधारणा आहे. पीट नसलेल्या व्हिस्क्या आधी आणि पीटेड शेवटी घ्याव्यात, कमी तीव्रतेच्या आधी आणि पिंपातून थेट भरलेल्या, ५५ ते ६० टक्क्यांच्या व्हिस्क्या नंतर घ्याव्यात, आणि बर्बनच्या (अमेरिकी व्हिस्कीच्या) पिंपातल्या आधी घेऊन शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपातल्या मागाहून घ्याव्यात. हे तिन्ही नियम एकमेकांना छेदतात, तेव्हा पीटचा नियम वरचढ मानावा. आत शिरल्याबरोबर पिण्यास सुरुवात न करता एकदा सगळी टेबले पाहून यावे आणि कागदावर क्रम ठरवावा, मग रांगेत उभे राहावे लागले तरी राहावे. पेला दर वेळी पाण्याने विसळावा आणि ते पाणी शक्यतो प्यावे. चखण्याच्या बाबतीत मी कडक आहे : साधा पाव किंवा मीठ नसलेले बिस्किट एवढेच. पुदिन्याची चटणी आणि कांदा तोंडात असताना कोणत्याही व्हिस्कीबद्दल मत देऊ नये.

आता प्रमाणाचे पाहू. मेळ्यात साधारणपणे १५ मिलीचा घोट मिळतो असे धरा. ४६ टक्क्यांच्या दहा व्हिस्क्या संपूर्ण प्यायलात तर पोटात ६९ मिली शुद्ध अल्कोहोल जाते. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या लार्ज पेगच्या, म्हणजे ६० मिलीच्या हिशेबात हे जवळपास पावणेतीन लार्ज होतात, आणि तेही दोन-अडीच तासांत. सातव्या-आठव्या व्हिस्कीनंतर लिहिलेली नोंद मी स्वतः मोजतच नाही. म्हणूनच थुंकण्याचे भांडे ठेवलेले असेल तर ते निःसंकोच वापरावे. वाइनच्या लोकांना त्यात गैर वाटत नाही. व्हिस्कीवाल्यांनाच का वाटावे, हे मला कळलेले नाही.

पाण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण यावर आपल्याकडे उगाच अभिमानाची भांडणे होतात. ब्लेंड, म्हणजे अनेक व्हिस्क्यांचे मिश्रण, तयार करणारे व्यावसायिक लोक नमुने सर्रास २० टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात, कारण तेवढ्या पातळ द्रवात अल्कोहोलचा चटका नाकाला आड येत नाही आणि दोषही उघडे पडतात. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंचे अनुकरण करून असे दाखवले की ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात ग्वायकॉल पृष्ठभागाजवळ, हवेच्या सीमेवर राहते, आणि ५९ टक्क्यांच्या वर गेले की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढून आत ओढतात. म्हणजे तीव्र व्हिस्कीत पाणी घातल्यावर धुराचा वास वाढल्यासारखा वाटतो तो केवळ भास नसावा. पाणी मोजून घालावे. ५८ टक्क्यांची २० मिली व्हिस्की ४६ टक्क्यांवर आणायला साधारण ५ मिली, म्हणजे एक छोटा चमचा पाणी लागते. मी औषधाच्या दुकानात मिळणारी सुई नसलेली सिरिंज वापरतो. ती दिसायला विचित्र असली तरी कामाला चोख आहे. आधी पाण्याशिवाय हुंगावे आणि एक घोट घ्यावा, मग पाणी घालून पाच मिनिटे थांबावे आणि पुन्हा हुंगावे.

आणि खरी परीक्षा करायचीच असेल तर डोळे झाकून करावी. घरातल्या कोणाला तरी तीन पेल्यांत तीन व्हिस्क्या ओतायला सांगाव्यात, पेल्यांखाली चिठ्ठ्या ठेवाव्यात आणि आपण खोलीबाहेर थांबावे. मी तर तिसऱ्या पेल्यात बऱ्याचदा पहिल्याच पेल्यातली व्हिस्की पुन्हा ओतायला सांगतो. एकाच व्हिस्कीच्या दोन पेल्यांना तुम्ही दोन वेगळी वर्णने दिलीत, तर त्या दिवशीची वही मिटून ठेवावी.


लीथकर

मी नोकरीनिमित्त एडिंबरात राहतो, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. डिस्टिलरीत चाखलेली व्हिस्की घरी तशीच लागत नाही, आणि याचे कारण फक्त मनाचे खेळ नाहीत.

आयला बेटावर मे महिन्याच्या अखेरीस फेश ईला नावाचा उत्सव भरतो. १९८० च्या दशकात गेलिक भाषा आणि संगीत यांच्यासाठी तो सुरू झाला, व्हिस्की त्याच्या केंद्रस्थानी नंतर आली. आता त्या आठवड्यात प्रत्येक डिस्टिलरीला आपापला एक दिवस ठरवून दिलेला असतो आणि त्या दिवसासाठी खास भरलेली बाटली घ्यायला पहाटेपासून रांग लागते. समुद्राचा वारा, वाद्यवृंद, ऑयस्टर, शेजारी उभे असलेले जपानी आणि जर्मन लोक, या सगळ्यात चाखलेली व्हिस्की वाईट लागणे जवळजवळ अशक्यच असते. उत्सवाच्या बाटल्यांची परीक्षणे वाचताना हे ध्यानात ठेवावे, विशेषतः लिहिणाऱ्याने तीच बाटली आणखी एक विकत घेऊन लिलावासाठी ठेवली असेल तर.

डिस्टिलरीच्या गोदामातले चाखणे हा आणखी वेगळा प्रकार आहे. मार्गदर्शक पिंपाचे बूच काढून लांब नळीने व्हिस्की वर ओढतो आणि थेट पेल्यात सोडतो. तापमान दहा-बारा अंशांच्या आसपास असते, जमीन मातीची असते आणि ओलसर दगड, बुरशी आणि भिजलेले ओक यांचा वास हवेतच भरलेला असतो. तो वास पेल्यातल्या वासात मिसळतो. थंड द्रवातून सुगंध कमी उडतात, म्हणून ५८ टक्क्यांची व्हिस्कीही तिथे गोड आणि मवाळ वाटते. तीच घरी, २२ अंशांच्या खोलीत, पहिल्या हुंगण्यातच नाकात झोंबते. शिवाय एकाच पिंपातला नमुना म्हणजे बाजारात मिळणारी बाटली नव्हे; बाटलीत अनेक पिंपे एकत्र केलेली असतात आणि बहुधा पाणी घालून तीव्रता खाली आणलेली असते.

तरीही डिस्टिलरीत जावेच, कारण काही गोष्टी तिथे गेल्याशिवाय उलगडत नाहीत. एक उदाहरण देतो. लागावुलिन आणि कल ईला या दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत आणि दोघींचे पीटेड माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून, साधारण सारख्याच पीटच्या प्रमाणात येते. तरी लागावुलिन जड, तेलकट आणि काजळीसारखी लागते, तर कल ईला स्वच्छ, लिंबाची आणि समुद्रकिनाऱ्यावर पेटवलेल्या शेकोटीची आठवण करून देणारी. फरक तांब्याच्या भट्ट्यांपाशी पडतो. लागावुलिनच्या भट्ट्या जवळजवळ काठोकाठ भरतात आणि सावकाश चालवतात, त्यामुळे वाफेला तांब्याचा स्पर्श कमी मिळतो आणि जड द्रव्ये सहज पलीकडे जातात. कल ईलाच्या मोठ्या भट्ट्यांत वर मोकळी जागा जास्त ठेवतात, त्यामुळे बरीच वाफ थंड होऊन खाली परतते आणि हलका भाग पुढे जातो. ऊर्ध्वपातनात सुरुवातीचा आणि शेवटचा भाग वगळून मधलाच ठेवतात; तो मधला भाग घेणे कोणत्या क्षणी थांबवायचे, यावरही धुराचे प्रमाण ठरते, कारण धुराची द्रव्ये ऊर्ध्वपातनाच्या उत्तरार्धात अधिक येतात. म्हणून बाटलीवर किंवा जाहिरातीत छापलेला पीपीएमचा (दहा लाख भागांत धुराच्या द्रव्यांचे भाग किती, याचा) आकडा पाहून चव ठरवू नये. तो आकडा माल्टचा असतो, पेल्यातल्या द्रवाचा नसतो. ब्रुकलाडीच्या ऑक्टोमोरचे आकडे तर शंभरच्याही कितीतरी वर जातात, आणि प्रत्यक्षात तिच्यात धुराबरोबर माल्टचा गोडवाही भरपूर असतो.

अशाच अभ्यासासाठी स्कॉटलंडमधलेच कॅम्पबेलटाउन हे गाव मला आयलापेक्षाही आवडते. स्प्रिंगबँक ही १८२८ ची डिस्टिलरी आपले सगळे बार्ली स्वतःच्या फरशीवर अंकुरवते आणि एकाच छपराखाली तीन प्रकारची व्हिस्की बनवते : लाँगरो दोनदा ऊर्ध्वपातित आणि भरपूर पीटेड, हेजलबर्न तीनदा आणि पीटशिवाय, आणि स्प्रिंगबँक त्यांच्या मधली, जिला ते अडीचदा ऊर्ध्वपातित म्हणतात. तीन पेले शेजारी ठेवले की पीट आणि ऊर्ध्वपातन यांचा हिशेब जिभेवर स्पष्ट होतो. पुस्तके वाचून तो तसा होत नाही.

मूळ प्रश्नाच्या दृष्टीने एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडमध्ये वाहनचालकांसाठी रक्तातील अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीला ८० वरून ५० मिलिग्रॅमवर आली. त्यामुळे बऱ्याच डिस्टिलऱ्या गाडी चालवणाऱ्या पाहुण्याला त्याच्या वाट्याची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून देतात. मी गाडी चालवत नसलो तरी तिथे पोहोचल्यावर तशा बाटल्या मागतो, आणि बहुतेक ठिकाणी मिळतात. तिथे फक्त एक-दोन घोट घ्यायचे, ऐकायचे आणि पाहायचे. उरलेले घरी नेऊन स्वतःच्या पेल्यात, स्वतःच्या खुर्चीत बसून चाखायचे. माझ्या वहीतल्या भरवशाच्या नोंदी या बाटल्यांतूनच आलेल्या आहेत.


वाचनमात्र

उत्तम चर्चा. मध्येच व्यवहारातले दोन शब्द टाकतो. महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो. मेळ्याचे आयोजक एक दिवसाचा परवाना तिथेच काढून देतात, पण आजीवन परवाना काढून ठेवलेला बरा. आपल्याकडे वाहनचालकांसाठी मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे स्कॉटलंडहूनही कमी. तेव्हा थुंकण्याचे भांडे वापरले तरी गाडी घरीच ठेवावी.


साळकाठी

लीथकरांनी आयलाचे लिहिले, तर मी आमच्या गोव्याचे लिहितो, कारण धागाकर्त्याच्या यादीत भारतीय व्हिस्क्याही असणार आणि त्यांच्या परीक्षणात एक चूक नेहमी दिसते : त्यांना वयाच्या मोजपट्टीवर स्कॉचशेजारी उभे केले जाते.

दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. २०१२ मध्ये त्यांची पहिली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्टची व्हिस्की) आली, आणि तीही आधी ब्रिटनच्या बाजारात. त्याआधी बंगळुरूच्या अमृतनेही २००४ मध्ये पहिले पाऊल ग्लासगोतच टाकले होते. दोघांनाही ठाऊक होते की परदेशात मान मिळाल्याशिवाय आपल्याकडचा ग्राहक वळून पाहणार नाही. (यावर वेगळा धागा निघेल; येथे नको.) स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्यात हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास जाते आणि बंगळुरूत त्याहूनही वर. ८ टक्क्यांच्या हिशेबाने पिंपात पाच वर्षांनी मूळच्या दोन-तृतीयांशाइतकेच उरते आणि बारा वर्षांनी जेमतेम ३७ टक्के. म्हणूनच भारतीय व्हिस्कीच्या बाटलीवर बारा किंवा सोळा हे आकडे क्वचितच दिसतात.

उष्णतेने ओकमधले व्हॅनिला, मसाला, टॅनिन लवकर उतरतात, पण पिंपाच्या आत हवेच्या संथ संपर्काने जे बदल घडतात ते त्याच पटीने लवकर घडतात असे नाही. त्यामुळे आमच्याकडची पाच-सहा वर्षांची व्हिस्की ही स्कॉटलंडच्या पंधरा वर्षांच्या व्हिस्कीची छोटी आवृत्ती नसते. ती वेगळीच वस्तू असते. भारतातील सहा ओळींची (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेली) बार्ली हाही एक मुद्दा आहे. तिच्यात स्टार्च थोडे कमी आणि प्रथिने जास्त, त्यामुळे उतारा कमी मिळतो, पण अंग जाडसर येते.

पॉल जॉनची ब्रिलियन्स पीटशिवाय आहे, एडिटेडमध्ये हलका पीट आहे आणि बोल्ड पूर्ण पीटेड आहे. तिन्ही ४६ टक्क्यांच्या आहेत, म्हणून घरी तुलना करायला उत्तम. पीट स्कॉटलंडहूनच येते. माझ्या नोंदीप्रमाणे ब्रिलियन्समध्ये मध, दालचिनी आणि कच्च्या नारळाचे दूध येते, आणि पाणी घातल्यावर एक तुरट फळाचा वास वर येतो जो मला पिकून खाली पडलेल्या बोंडूंचा वाटतो. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत गेल्यावर हाच वास येतो. परीक्षणात मी ‘बोंडू’ असेच लिहितो. इंग्रजी परीक्षणांतल्या हेदर आणि गूजबेरी मी कधी हुंगलेल्या नाहीत, मग त्या कशा लिहिणार? १९७९ मध्ये एडिंबरातील संशोधकांनी व्हिस्कीच्या वासांचे चक्र तयार केले, त्याचा उपयोग मला एवढाच होतो की आपण कोणत्या गटात आहोत हे कळते : फळ, फूल, धान्य, लाकूड, धूर, गंधक वगैरे. गट ठरला की आतला शब्द आपल्या परसातला घ्यावा.

फेणीवाल्यांकडून घेतलेली एक सवयही सांगतो. दोन थेंब तळहातावर घ्या, हात चोळा, अल्कोहोल उडून जाऊ द्या आणि मग हुंगा. माल्ट आणि लाकूड यांचा वास तेवढा मागे उरतो. मेळ्याच्या गर्दीत, पेला विसळायला पाणी मिळत नसताना, ही युक्ती कामी येते. कोरडा झाल्यावर पेलाही असाच दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगावा. पीटेड व्हिस्कीचा पेला तर आदल्या रात्रीची सगळी हकीकत सांगतो.


दशांश

सगळ्यांनी पद्धती सांगितल्या, पण गुणांबद्दल कोणी बोलले नाही. माझे मत जरा वेगळे आहे. शंभरपैकी गुण देण्याची पद्धत नावालाच शंभराची आहे, कारण छापून येणारे जवळजवळ सगळे आकडे ८० ते ९५ मध्ये कोंबलेले असतात. ८७ आणि ८८ मधला फरक डोळे झाकून कोणालाही पुन्हा पकडता येणार नाही, हे खाडीपल्याड यांच्या दुहेरी पेल्याच्या युक्तीने ताबडतोब सिद्ध होईल. तरीही गुण टाकून द्यावेत असे मला वाटत नाही, कारण नुसत्या शब्दांच्या परीक्षणात भीड शिरते. कार्यक्रमाचे आमंत्रण कंपनीने दिलेले असेल, व्हिस्की फुकट असेल, शेजारी त्यांचा प्रतिनिधी उभा असेल, तर ‘रोचक’, ‘वेगळी’, ‘स्वतःचे व्यक्तिमत्त्व असलेली’ असे शब्द आपोआप लेखणीतून उतरतात. चारच पायऱ्या ठेवाव्यात : बाटली विकत घेईन, बारमध्ये पेला मागवेन, कोणी दिली तर पिईन, नको. यात लपायला जागा नाही. आणि व्हिस्की फुकट मिळाली होती की विकत घेतली होती, हे परीक्षणाच्या पहिल्या ओळीत लिहावे. किंमतही लिहावी, कारण महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या दुकानांत तिच्यात एवढी तफावत असते की इकडचा ‘नको’ तिकडे सहज ‘घेईन’ होऊ शकतो.


मुळाकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. मेळ्यातल्या नोंदींतून मी आता फक्त एवढेच घेणार आहे की कोणत्या व्हिस्कीला दुसऱ्यांदा भेटायचे, आणि परीक्षण दुसऱ्या भेटीनंतरच लिहिणार आहे. दशांश यांच्या चार पायऱ्या उचलतो आहे.

एक शंका उरते. दुसरी भेट बहुधा कोणाच्या तरी अर्ध्या रिकाम्या बाटलीतून होते. बाटली उघडल्यावर व्हिस्की बदलते, असे काही जण म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे? आणि मित्रांशी नमुन्यांची देवाणघेवाण करायची झाली, तर ते कसे साठवावेत?


खाडीपल्याड

बदलते, पण वाइनसारखी दोन दिवसांत नव्हे. नवी बाटली उघडल्यावर पहिल्या पेल्यात बऱ्याचदा अल्कोहोलचा चटका पुढे असतो आणि दोन-तीन आठवड्यांनी ती मोकळी झाल्यासारखी वाटते. बाटली तीन-चतुर्थांश भरलेली असेपर्यंत फार चिंता करू नये. पाव बाटली उरली की आत हवा जास्त आणि द्रव कमी होतो. मग काही महिन्यांत वरचे हलके वास आणि पीटचा धूर विरळ होऊ लागतात. पीटेड व्हिस्कीत हे सर्वांत आधी जाणवते. मेणासारखी, शेरीतली जड व्हिस्की जास्त तग धरते. म्हणून परीक्षणात बाटली कधी उघडली होती आणि कितपत भरलेली होती, हेही लिहावे. लागावुलिनच्या तळातल्या पेल्यावरून कोणी ‘धूर कमी झाला, पूर्वीची राहिली नाही’ असे लिहिले, तर त्याला आधी बाटलीचा फोटो मागावा.

उजेड हा दुसरा शत्रू. शोकेसमध्ये उन्हाच्या तिरिपेत ठेवलेली बाटली रंगाने फिकी पडते आणि चवीनेही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती कपाटात, उभी ठेवावी. आडवी ठेवल्यास तीव्र अल्कोहोल बूच खाते आणि चवीत कुजट लाकूड उतरते.

नमुन्यांसाठी काचेच्या ३० किंवा ५० मिलीच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या घ्याव्यात. प्लास्टिकच्या अजिबात नकोत, आणि ज्यांत आधी अत्तर, कफ सिरप किंवा व्हॅनिला इसेन्स होते त्याही नकोत. कितीही धुतल्या तरी झाकणाच्या आतली रबरी चकती वास सोडत नाही. बाटली गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे आत हवा कमी राहील. झाकणावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत आणि चिठ्ठीवर नाव, टक्केवारी, मूळ बाटली उघडल्याचा महिना आणि नमुना भरल्याची तारीख लिहावी. परीक्षा डोळे झाकून करायची असेल, तर चिठ्ठीवर नुसता क्रमांक टाकून यादी पाठवणाऱ्याकडेच राहू द्यावी. मजजवळ सध्या कल ईला १२ अर्ध्याहून अधिक भरलेली आणि इंद्री या भारतीय व्हिस्कीची एक बाटली आहे. दोन्हींचे नमुने क्रमांक टाकून ठेवतो. पुढच्या महिन्यात पुण्याला येणे आहे, तेव्हा हातोहात देईन. बदल्यात तुमच्या बुनाहावनचे ३० मिली पुरेत.